तापल्यावर गोळा होणारे प्रथिन आणि स्वस्त औषधांची वाट

माणसाचे हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. प्रत्येक ठोक्याला महाधमनी किंचित ताणली जाते आणि लगेच पूर्ववत होते. ही लवचीकता देणारे प्रथिन म्हणजे इलॅस्टिन. शरीर ते प्रामुख्याने जन्माआधी आणि बालपणी तयार करते. पुढे तीच पुंजी आयुष्यभर पुरवावी लागते. त्यामुळे इलॅस्टिनसारखे पदार्थ प्रयोगशाळेत बनवता येतात म्हटले, की कृत्रिम रक्तवाहिन्या आणि नव्या त्वचेच्याच गोष्टी होतात. ते संशोधन मोलाचे आहेच. पण या पदार्थांचा सर्वात व्यवहार्य उपयोग दुसराच आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

हे पदार्थ म्हणजे 'इलॅस्टिनसदृश पॉलिपेप्टाइड'. पाच अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा जोडून केलेली लांब साखळी. अमेरिकेतील डॅन उरी यांनी तिच्या गुणधर्मांचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिचा स्वभाव उलटा आहे. साखर गरम पाण्यात लवकर विरघळते. ही साखळी मात्र थंड पाण्यात विरघळते आणि ठरावीक तापमानाच्या वर गोळा होते. अंड्याचा पांढरा बलक एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही. ही साखळी मात्र थंड केली की पुन्हा विरघळते. शिवाय साखळीची लांबी आणि पाचांपैकी एक अमिनो आम्ल बदलून हे तापमान हवे तसे ठरवता येते.

याचा फायदा काय? जिवाणूंकडून औषधी प्रथिन बनवून घेतले, तरी ते इतर हजारो प्रथिनांतून वेगळे काढणे खर्चिक असते. ड्यूक विद्यापीठातील डॅन मायर आणि आशुतोष चिलकोटी यांनी १९९९ मध्ये दाखवले, की हव्या त्या प्रथिनाला ही साखळी शेपटीसारखी जोडायची, द्रावण किंचित तापवायचे आणि गोळा झालेले प्रथिन यंत्रात फिरवून खाली बसवायचे. महागड्या गाळणस्तंभांची गरज उरत नाही. हीच शेपटी औषधाला कातडीखाली साठवून हळूहळू सोडायलाही वापरता येते.

इतके सोपे आहे, तर बाजारात का नाही, हा प्रश्न रास्त आहे. शेपटी नको असेल तर ती कापून काढावी लागते; कारखान्यातल्या मोठ्या टाक्या एकसारख्या तापवणे-थंडावणे प्रयोगशाळेइतके सोपे नसते. या तंत्रावर उभ्या राहिलेल्या फेजबायो कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मात्र त्या वेळी तिचे सर्वात पुढे गेलेले औषध या तंत्रावरचे नव्हते. त्यामुळे कंपनी बुडाली म्हणजे विज्ञान खोटे ठरले, असा निष्कर्ष घाईचा होईल.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. इन्सुलिनसारखी प्रथिन-औषधे ज्यांना रोज विकत घ्यावी लागतात, त्यांच्यासाठी उत्पादनखर्चातली बचत हा जिव्हाळ्याचा विषय आहे. कृत्रिम धमनीचे स्वप्न जरूर पाहावे. पण सार्वजनिक संशोधन निधीने आधी हे साधे, तापवून-थंडावून शुद्ध करण्याचे तंत्र कारखान्याच्या पातळीवर तपासून घ्यावे. ते उतरले, तर रुग्णाचा खिसा थोडा तरी हलका होण्यापासून वाचेल. नाही उतरले, तर नेमके कुठे अडते, हे तरी कळेल.