टोपली स्त्रीची, यंत्र पुरुषाचे

गोमंतकातील खाणींवर यंत्रे येण्यापूर्वी, १९५०च्या दशकात, खनिज फोडणे, निवडणे आणि टोपलीने वाहणे ही कामे हातांनीच होत, आणि त्या हातांत स्त्रियांचे हातही होते. पुढे फावड्याच्या जागी पोकलेन आला, टोपलीच्या जागी डंपर आला. बाईच्या डोक्यावरचे ओझे उतरले हे चांगलेच झाले; परंतु ओझ्याबरोबर तिची रोजीही गेली. ज्या यंत्राने श्रम हलके केले, त्याच्यावर बसण्याचा मान आणि त्याचा वाढीव पगार पुरुषाच्या वाट्यास आला.

याचा दोष कायद्यावर ढकलणे ही आजवर सोयीची सबब होती. १९५२च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूगर्भातील कामास मज्जाव केला होता. जमिनीवरील कामास मात्र सकाळी सहा ते सायंकाळी सात ही वेळ मोकळी ठेवली होती. म्हणजे गोव्यातील उघड्या खाणींत दिवसपाळीला डंपर चालविण्यास स्त्रीला तेव्हाही आडकाठी नव्हती. जी रात्री येऊ शकत नाही ती दिवसाही नको, हा फिरत्या पाळ्यांचा हिशेब तिच्या आड आला. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने उघड्या खाणींतील रात्रपाळीही स्त्रियांना खुली केली. लेखी संमती आणि एका पाळीत किमान तीन स्त्रिया, अशा अटी घातल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तर सर्व प्रकारच्या कामांवर स्त्रियांचा हक्क मान्य केला आहे. सबब आता उरलेली नाही.

राहिला प्रश्न बळाचा. आजच्या डंपरचे सुकाणू तेलाच्या दाबावर वळते. त्याला मनगटाच्या जोरापेक्षा नजर, सावधपणा आणि उतारावरचे भान अधिक लागते. झारखंडमधील नोआमुंडी येथील लोहखाणीत टाटा स्टीलने डिसेंबर २०२४ मध्ये संपूर्ण स्त्रियांची पाळी सुरू केली. अवजड यंत्रे चालविण्यापासून देखरेखीपर्यंतचे काम त्या करतात. आणि सातारा जिल्ह्याच्या सुरेखा यादव रेल्वेचे इंजिन सुमारे ३६ वर्षे चालवून २०२५ साली निवृत्त झाल्या. याहून निराळा पुरावा कोणास हवा आहे?

यावर आमच्या खाणपट्ट्यातून एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०१२ची बंदी आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले ८८ पट्टे यांनी डिचोलीपासून सांग्यापर्यंत ट्रकमालकांची आणि चालकांची घरे उघडी पाडली. पुरुषच रिकामे बसलेले असताना स्त्रियांसाठी जागा मागणे कितपत न्याय्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, कोणाच्या हातचे काम काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. परंतु लिलावानंतर उत्खनन पुन्हा सुरू झाले आहे आणि नवी भरती होणार आहे. त्या भरतीत जुन्या कामगारास अग्रक्रम द्यावा. मात्र नवशिक्यांच्या जागांत स्त्रीचा वाटा ठरवावा. बंदीची झळ त्याच घरांतल्या बायकांनाही लागली होती, हे विसरून चालणार नाही.

केवळ दार उघडे ठेवून कोणी आत येत नसते. मालवाहू वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी आधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा लागतो, आणि वयाची २० वर्षे पुरी व्हावी लागतात. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये निघाली. परंतु शिकण्याच्या काळात पोटाचे काय? खाणीमुळे बाधित झालेल्या भागासाठी जिल्हा खनिज निधी असतो आणि त्यात कौशल्य प्रशिक्षणाला प्राधान्य आहे. त्यातून मुलींना विद्यावेतनासह अवजड वाहनाचे शिक्षण द्यावे, असे आम्ही सरकारला सुचवितो. खाणचालकांनी कामाच्या जागीच स्वच्छतागृह आणि रात्री घरापर्यंत गाडी द्यावी. एवढे केले नाही, तर संमतीची अट ही नकाराचीच सभ्य रीत ठरेल.

टोपली डोक्यावर देताना ‘हे तुला झेपेल काय’ असे त्या स्त्रीला कोणी विचारले नव्हते. आज चाक हाती देतानाच तो प्रश्न का सुचावा?