भाषा मागणारा फुटीर नव्हे!

एखाद्या समाजाने आपल्या भाषेचा हक्क मागितला, की राष्ट्रीय ऐक्याचे स्वयंनियुक्त पहारेकरी खडबडून जागे होतात. आज हे शाळा मागतात, उद्या प्रांत मागतील आणि परवा देशातून फुटून निघतील, हे भाकीत त्यांच्या जिभेवर तयारच असते. संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांनाही हीच शिवी खावी लागली. प्रांतवादी, संकुचित, देशाचे तुकडे करावयास निघालेले, अशी कोणती विशेषणे त्यांना लावली गेली नाहीत? शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, तेव्हा कोठे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले. मग देश फुटला काय? त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी चीनचे सैन्य हिमालय उतरू लागले, तेव्हा याच 'फुटीर' महाराष्ट्राचा मुख्यमंत्री दिल्लीने संरक्षणमंत्री म्हणून बोलावून नेला! भाषेचा हक्क मिळालेला प्रांत देशाला किती उपयोगी पडतो, याचे याहून रोकडे प्रमाण कोणते हवे?

ही गोष्ट आम्ही ग्वाल्हेरात बसून सांगत आहोत, याला विशेष अर्थ आहे. बेळगावचा मराठी माणूस भाषा मागतो, तेव्हा त्याच्या मागणीमागे भूमीचीही मागणी आहे, आणि ती न्याय्य आहे. परंतु ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला कोणती भूमी मागावयाची आहे? १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली आणि त्या छावणीचेच 'लष्कर' नावाचे शहर झाले. तेव्हापासून सात-आठ पिढ्या मराठी माणूस येथे नांदतो आहे. आमचा 'वाडा' येथल्या हिंदी तोंडात 'बाडा' झाला आणि त्याचे आम्हांला कधी वैषम्य वाटले नाही. हस्सूखाँ-हद्दूखाँ यांची गायकी, तिच्या ब्रजभाषेतील बंदिशी आणि ती विद्या घेणारे मराठी शिष्य, असा त्रिवेणी संगम याच शहरात झाला. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ती विद्या घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर दक्षिणेत गेले आणि अवघा महाराष्ट्र ख्याल गाऊ लागला. राजकवी भा. रा. तांबे यांची मराठी कविता याच संस्थानात फुलली. झाशीच्या राणीने देह ठेवला तोही याच भूमीवर. येथल्या मराठी माणसाने हिंदीशी वैर केले नाही आणि मराठीही टाकली नाही. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले आणि संमेलनाला पहिल्या स्त्री-अध्यक्षा मिळण्याचा मान कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने ग्वाल्हेरच्या पदरात पडला. दोन भाषांच्या मांडीवर वाढलेले मूल देशद्रोही निपजत नाही, हे ग्वाल्हेरने कधीच सिद्ध केले आहे.

शासनालाही दोन भाषा पेलतात, हे ज्यांना पटत नाही त्यांनी मध्यप्रदेशाचाच इतिहास उघडून पाहावा. १९५६ पूर्वीच्या, नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. त्यामुळे कोणाचे राष्ट्रीयत्व विटाळले नव्हते! १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, ग्वाल्हेर मध्यभारताबरोबर नव्या मध्यप्रदेशात आले, आणि येथला मराठी माणूस राजभाषा नसलेल्या भाषेचा अल्पसंख्य नागरिक झाला.

त्याच १९५६ साली समुद्रापलीकडे सिलोनात काय घडले? तेथल्या संसदेने एकट्या सिंहली भाषेला राजभाषेचे सिंहासन दिले आणि तमिळ माणसाला त्याच्याच देशात दारात उभे केले. एक भाषा म्हणजे एक राष्ट्र, असा तो सोपा हिशेब होता. १९८३मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले आणि ते २००९ पर्यंत विझले नाही. १९८७ साली तमिळला राजभाषेचा दर्जा देण्यात आला. पण घराला आग लागल्यावर विहीर खणण्यातलाच तो प्रकार! पाकिस्तानची कथा तर आणखी बोलकी आहे. १९४८ साली जीनांनी ढाक्याला जाऊन राजभाषा उर्दू आणि केवळ उर्दूच असे बजावले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीचा हक्क मागणाऱ्या तरुणांवर तेथे गोळ्या झाडल्या गेल्या. १९५६च्या पाकिस्तानी घटनेने बंगालीला मान्यता दिली खरी, परंतु मने दुभंगली ती दुभंगलीच. १९७१ साली धर्माच्या नावाने बांधलेले ते राष्ट्र दुभंगले.

आपला देश या वाटेने गेला नाही, हे आपले भाग्य. पण त्या वाटेच्या तोंडापाशी आपण अनेकदा जाऊन आलो आहोत. ज्या १९६१ साली ग्वाल्हेरात मराठीचा उत्सव झाला, त्याच वर्षी १९ मे रोजी आसामातील सिल्चरला बंगाली भाषेचा हक्क मागणारे ११ जण गोळीबारात बळी पडले. त्यानंतर आसामच्या राजभाषा कायद्यात दुरुस्ती होऊन काछाडात बंगालीला स्थान मिळाले. जे रक्त सांडल्यावर दिले, ते रक्त सांडण्यापूर्वी देता आले नसते काय? द्रविडनाडूची हाक देणाऱ्या द्रमुकने १९६३ साली स्वतंत्र राष्ट्राची मागणी सोडली. पण १९६५ साली हिंदीच्या सक्तीची शंका येताच तमिळ प्रदेश पेटून उठला. १९६७च्या दुरुस्तीने इंग्रजीच्या सहवापराची हमी कायद्यात आली, आणि ज्या पक्षाला फुटीर म्हटले जात होते तो भारतीय घटनेची शपथ घेऊन मद्रासला राज्य करू लागला!

याहून मोठा दाखला आमच्या ग्वाल्हेरच्याच एका सुपुत्राने घालून दिला. अटलबिहारी वाजपेयी यांची मातृभाषा हिंदी. १९७७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हिंदीतून बोलणारे हेच गृहस्थ. त्यांच्या हिंदीप्रेमाविषयी कोण संशय घेईल? परंतु बोडो प्रदेशात बंदुका कडाडत असताना त्यांच्या सरकारने १० फेब्रुवारी २००३ रोजी बोडो लिबरेशन टायगर्सशी करार केला आणि त्याच वर्षीच्या ९२व्या घटनादुरुस्तीने बोडो भाषेला आठव्या परिशिष्टात बसविले. डोग्री, मैथिली आणि संथाळीही तिच्याबरोबर आल्या. डिसेंबर २००३मध्ये अडीच हजारांहून अधिक बोडो तरुणांनी शस्त्रे खाली ठेवली. भाषेला परिशिष्टात जागा दिल्याने भारत लहान झाला की मोठा, हे ऐक्याच्या पहारेकऱ्यांनीच सांगावे.

भाषेचा हक्क म्हणजे सर्व रोगांवरचे रामबाण औषध, असे मात्र आम्ही म्हणत नाही. बोडोंच्या करारात भाषेबरोबर प्रादेशिक परिषदेची सत्ताही होती, आणि तरीही दुसऱ्या गटांचा हिंसाचार २०२०च्या करारापर्यंत रेंगाळला. पंजाबी सुभा १९६६ साली मिळूनही पुढे पंजाब होरपळला. फुटीरतेची कारणे अनेक असतात. पण भाषेचा अपमान हे त्यांतले असे कारण आहे, की जे दूर करणे सर्वस्वी शासनाच्या हाती असते. तेवढे तरी दूर का करू नये?

घटनेने त्याची तजवीज केली आहे. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे कलम ३५०-अ सांगते. एका वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असली तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र तर १९४९च्या शिक्षणमंत्री परिषदेनेच ठरविले होते. परंतु कलमाची भाषा 'प्रयत्न' करण्याची आहे, आणि सरकारी प्रयत्नासारखी दीर्घायुषी वस्तू जगात दुसरी नाही! कलम ३५०-ब प्रमाणे नेमलेला भाषिक अल्पसंख्याकांचा आयुक्त राष्ट्रपतींना अहवाल देतो. हुकूम देण्याचा अधिकार त्याला नाही. आमची मागणी साधी आहे. १० आणि ४० या आकड्यांना कायद्याचे बळ द्या. ग्वाल्हेर असो, इंदूर असो, बेळगाव असो. मुले भरली की शिक्षक मिळालाच पाहिजे.

हा न्याय दुहेरी आहे, हे आपण मराठी माणसांनीही विसरता कामा नये. बेळगावच्या मराठी शाळेसाठी गळा काढावयाचा आणि जत-अक्कलकोटच्या कानडी शाळेकडे पाठ फिरवावयाची, हा 'आपला तो बाळ्या' न्याय आम्हांला मान्य नाही. सीमाप्रश्न २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निकाल काहीही लागो. सीमारेषेच्या दोन्ही बाजूंस दुसऱ्या भाषेचे मूल राहणारच आहे. आणि २०२५ साली महाराष्ट्राने पहिलीपासूनच्या हिंदीला विरोध करून तो निर्णय मागे घ्यावयास लावला, तो हिंदीचा द्वेष नव्हे. आम्ही ग्वाल्हेरकर रोज हिंदी बोलतो, हिंदीवर प्रेम करतो. म्हणूनच अधिकाराने सांगतो, की प्रेम सक्तीने होत नाही.

शेवटी एक प्रश्न घरच्यांना. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्याचे पेढे आपण वाटले. पण वर्गात १० मुले भरावयाची, तर ती पाठविणार कोण? सरकार शिक्षक देईल. विद्यार्थी आपल्याच घरांतून यावे लागतील. ज्या पालकाने इंग्रजी शाळेच्या फाटकापाशी मराठी स्वखुशीने सोडली, त्याच्यासाठी घटनेत कोणतेही कलम नाही. मुलांची यादी करा, पालकांच्या सह्या घ्या आणि शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर अर्ज ठेवा. तो अर्ज देशाविरुद्ध नाही. देशाने आपणांस दिलेल्या वचनाची ती नम्र, परंतु ठाम आठवण आहे.