पायाला गादी हवी, पण नेमकी कुठे?

मैत्रिणींनो, अकोल्याच्या एका भगिनीनं विचारलं आहे, "सासूबाईंना मधुमेह आहे. चवड्याखाली घट्टा पडला म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मापाचे सोल करून घेतले. ते त्यांना कडक वाटतात. घट्ट्याच्या जागी थोडा फोम चिकटवला तर चालेल का?"

बाई, चिकटवू नका. कारण सांगते.

गादी दाब नाहीसा करत नाही, तो इकडचा तिकडे नेते. दुखऱ्या जागेखालीच जाड तुकडा ठेवला तर ती जागा उंच होते आणि वजन तिथेच जास्त पडतं. शिवाय चप्पल आतून घट्ट होते, पट्टा वरून काचतो. म्हणून जाणकार तंत्रज्ञ चवड्याला आराम द्यायचा तर गादी चवड्याच्या थोडी मागे बसवतात, किंवा घट्ट्याखालचा सोल तेवढाच खोलगट करतात.

दुखऱ्या पायाला निदान चूक कळते. बधिर पायाला कळत नाही. आपल्या अमरावतीचं तपोवन तुम्हांला ठाऊक आहे, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेलं. त्या रुग्णांच्या पायांना जखमा होत, तेव्हा लोक म्हणत, रोगानं पाय झडतो. १९४६ पासून वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की दोष बधिरपणाचा आहे. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर चालत राहतो आणि जखम होते. त्यांच्यासाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला निघाल्या. आज मधुमेहींनाही त्याच देतात. दुकानात एमसीआर चप्पल म्हणून मागा.

सासूबाईंचा पाय बधिर आहे का, हे घरी पाहता येतं. त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटानं अगदी हलकेच स्पर्श करा. दाबू नका. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांना लवकर दाखवा. सगळं कळलं, तरी मधुमेहींचे पाय वर्षातून एकदा तपासून घ्यावेतच.

सोल बोचत असतील तर ज्यांनी केले त्यांच्याकडेच न्या. बोचतं तिथे पेनानं खूण करून न्या, म्हणजे त्यांना घासून देता येईल. नवा सोल पहिल्या दिवशी तासभरच घालायचा, मग रोज थोडा वेळ वाढवायचा. काढल्यावर तळवा बघा. वीस मिनिटांनीही लाली किंवा ऊन लागणारी जागा राहिली, तर सोल घालणं थांबवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून पाहावं.

आणखी काही:
• कुरूप काढायच्या औषधी पट्ट्या मधुमेहींना लावू नका. ब्लेड तर नकोच.
• चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. खडा, खिळा सापडतो.
• मागे पट्टा असलेली, बिनखिळ्याची चप्पल घ्या. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.
• आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवरही अनवाणी नको. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड मात्र येतो.

आणि ज्यांना मधुमेह नाही, नुसती टाच धरते, त्यांनी दोन्ही टाचांखाली सारख्या जाडीची मऊ गादी ठेवून पाहावी. आधी चिकटपट्टीनं लावा, आठवडाभर बरं वाटलं तरच गोंद.

सासूबाई म्हणतील, "मला कुठं काही दुखते?" त्यांचं ऐकू नका. रोज रात्री दिव्याखाली त्यांचे तळवे बघा, आणि जमलं तर स्वतःचेही.