मानपत्रात न मावणारे आभार

मराठीच्या प्राध्यापकाला काही लेखन विनामूल्य, विनानाव आणि मुदतीत करून द्यावे लागते. निमंत्रणपत्रिका, शोकसभेचा ठराव, स्मरणिकेचे संपादकीय आणि मानपत्र. ह्यांपैकी मानपत्राचा वाटा सर्वांत मोठा. सत्काराची तारीख ठरलेली असते, शाल-श्रीफळ आणलेले असते, चौकट करणाऱ्याला सांगून ठेवलेले असते. राहिलेला असतो फक्त मजकूर. तो 'तुम्ही बसल्या बसल्या लिहाल' असा सर्वांचा विश्वास असतो. आम्हीही अशी बरीच मानपत्रे बसल्या बसल्या लिहिली. अलीकडे मात्र एका मानपत्रापाशी आम्ही अडखळलो, आणि त्या अडखळण्याचाच हा हिशेब आहे.

प्रसंग साधा होता. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली पंचवीसेक वर्षे महिन्यातून एकदा गाण्याची बैठक भरते. शाळेतले संगीतशिक्षक, भजनी मंडळातले पखवाजी, परीक्षांची तयारी करणाऱ्या मुली, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवणारे एक गृहस्थ, दोघे-तिघे हौशी तबलिये, असे सगळे त्या दिवशी एका सतरंजीवर येतात. ज्यांनी ही बैठक सुरू केली त्यांनी वयपरत्वे आता थांबायचे ठरवले. त्यांचे नाव येथे येऊ नये ही त्यांचीच इच्छा असल्याने आम्ही ते लिहीत नाही. ते स्वतः तबला बेताचा वाजवतात आणि तसे स्वच्छपणे सांगतात. त्यांचे खरे काम निराळेच होते. पाहुणा कलावंत पहाटे नंदुरबार स्थानकावर उतरला की फलाटावर तेच उभे असत. उन्हाळ्यात चढलेला तबला उतरवून ठेवणे, तंबोरा जवारीसाठी मिरजेला पाठवणे, वर्गणीची वही राखणे, न आलेल्याला दुसऱ्या दिवशी 'काल का दिसला नाहीत?' असे विचारणे, हे सारे त्यांच्याकडे होते. हे शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. त्या एका प्रश्नामुळे कित्येकांचे वाद्य खुंटीवर कायमचे टांगले गेले नाही.

आता ह्या गृहस्थांचे आभार मानायचे कसे? हात सवयीने 'संगीतमहर्षी', 'कलातपस्वी', 'सुरांच्या मंदिराचे पुजारी' ह्या शब्दांकडे गेला. तेव्हा ध्यानात आले की मानपत्र ह्या लेखनप्रकारात विशेषणांची गर्दी असते आणि क्रियापदांचा दुष्काळ. सत्कारमूर्ती काय 'आहेत' हे त्यात सांगितलेले असते. त्यांनी काय 'केले' हे क्वचितच. वंदनीय, आदरणीय, तेजस्वी, ऋषितुल्य ही विशेषणे कोणालाही लावता येतात, आणि म्हणूनच ती कोणाचीच नसतात. तंबोरा मिरजेला पाठवणारा माणूस मात्र एकच असतो.

त्याहून गंभीर गोष्ट मानपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात दडलेली असते. तेथे हमखास येणारे वाक्य असे: 'आपल्याविना आम्ही पोरके झालो आहोत.' हे वाक्य स्तुती म्हणून लिहिले जाते, परंतु जरा थांबून वाचले तर तो एक कबुलीजबाब आहे. पंचवीस वर्षे आम्ही सतरंजीवर बसलो, पण ती घालायला शिकलो नाही, असा त्याचा सरळ अर्थ. संस्थापकाला अपरिहार्य म्हणणे ही वरकरणी कृतज्ञता आणि आतून जबाबदारीची टाळाटाळ आहे, असे आमचे मत झाले आहे. ह्या मताला आधार म्हणून मराठी संगीताच्या इतिहासातले एक मोठे उदाहरण आम्ही पुढे ठेवतो.

विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचा जन्म 1872 मध्ये कुरुंदवाडला झाला. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली, आणि शाळेची वाट सुटून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाण्याची वाट सुरू झाली. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. दरबारी आश्रयावर विसंबून न राहता लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर संगीताची शाळा चालवणे ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती. 1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि तिचा पसारा वाढत गेला. पुढे स्वतःची इमारत आली आणि इमारतीबरोबर कर्जही आले. कर्ज फेडायचे तर बुवांनी गावोगाव दौरे करून गायचे. म्हणजे एवढी मोठी संस्था अखेर एका गळ्यावर उभी होती.

असा डोलारा किती दिवस टिकणार? 1920 च्या दशकाच्या पूर्वार्धात कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात गेली. बुवांचे मन ह्या सुमारास रामनामाकडे वळले होते. नाशिकला त्यांनी रामनाम-आधार आश्रम काढला आणि तेथेच बरेचसे उत्तरायुष्य घालवले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेला त्यांचे निधन झाले. संस्थापकाच्या निवृत्तीची ह्याहून उदास कहाणी दुसरी कोणती असेल? बुवांविना गांधर्व महाविद्यालय पोरके झाले, असे लिहून त्यांच्या शिष्यांना थांबता आले असते, आणि ते खोटेही ठरले नसते.

शिष्य तसे थांबले नाहीत. त्याच वर्षी, 1931 मध्ये, ते अहमदाबादेस एकत्र जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. ह्या घटनेकडे संगीताच्या इतिहासातली एक नोंद म्हणून पाहिले जाते. आम्ही तिच्याकडे आभाराचा एक नमुना म्हणून पाहतो. त्यांनी लिलावात गेलेली इमारत परत मिळवण्याचा हट्ट धरला नाही, की बुवांच्या जागी दुसरा बुवा बसवला नाही. ठिकठिकाणी निघालेल्या स्वतंत्र विद्यालयांना एका अभ्यासक्रमाने आणि एका परीक्षापद्धतीने जोडून घेतले. विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्याला विद्यालय काढले. बा. र. देवधरांची शाळा मुंबईत 1925 पासून चालू होतीच. नारायणराव व्यासांनी पुढे दादरला आपले विद्यालय उभारले. एका गळ्यावरचा भार अनेक खांद्यांवर आला.

ह्या कहाणीतला आम्हांला सर्वांत हृद्य वाटणारा भाग अजून सांगायचा आहे. बुवा वारले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. वडिलांची विद्या वडिलांकडून घेण्याचे त्याच्या नशिबी फारसे नव्हते. ती त्याला वडिलांच्या शिष्यांनी दिली; विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास ह्यांच्यापाशी तो शिकला, आणि पुढे द. वि. पलुसकर म्हणून त्याचे गाणे देशभर ऐकले गेले. 1955 मध्ये, ऐन चौतिशीत, तोही गेला. गुरूकडून जे घेतले ते गुरूच्याच मुलाच्या ओंजळीत परत घालणे ह्यासारखे मानपत्र आम्ही दुसरे पाहिलेले नाही, आणि त्यात एकही विशेषण नाही.

येथे दोन आक्षेप येतील आणि ते यायलाच हवेत. पहिला असा की परीक्षांनी संगीताचे काय भले केले? प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या पायऱ्या चढून प्रमाणपत्रे पुष्कळांना मिळाली. गाणे किती जणांना मिळाले? हा प्रश्न रास्त आहे. परंतु तो मोठ्या शहरात बसून विचारणे जितके सोपे, तितके आमच्या जिल्ह्यात नाही. ज्या गावात घराण्याचा गवई नाही, गुरूच्या घरी राहण्याची सोय नाही, तेथे परीक्षेचा अभ्यासक्रम हाच मुलीला घरातून गाण्याच्या वर्गापर्यंत आणणारा परवाना ठरतो. 'गाणे शिकते' म्हटल्यावर कपाळाला आठी घालणारे घर 'परीक्षेला बसते' म्हटल्यावर फी काढून देते. परीक्षेने गवई घडत नसतील. बैठकीला बसणारा, दाद देणारा, उद्या वर्ग चालवणारा माणूस मात्र घडतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जानकी बखले ह्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पलुसकर आणि भातखंडे ह्यांच्या कार्याची कठोर छाननी केली आहे. पलुसकरांच्या संस्थेला असलेले भक्तिमार्गी हिंदू वळण आणि त्या वळणावर मागे पडत गेलेले मुसलमान उस्ताद हा त्यांच्या विवेचनाचा एक महत्त्वाचा धागा आहे. हे वाचल्यावर पलुसकरांविषयीची कृतज्ञता सोडून द्यावी काय? आम्हांला तसे वाटत नाही. मात्र कृतज्ञतेने डोळे मिटून घ्यावेत असेही वाटत नाही. संस्थापकाने ज्यांना सतरंजीवर बोलावले त्यांच्याबद्दल आभार मानावेत, आणि जे बोलावले गेले नाहीत त्यांची नावे पुढच्यांनी यादीत घालावीत. वारसा घेणे म्हणजे उणे-अधिकाची वहीही ताब्यात घेणे. मानपत्रात ही वही कधीच उघडली जात नाही.

आभाराचा आणखी एक प्रकार आपल्या ओळखीचा आहे. भीमसेन जोशी ह्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि कित्येक दशके तो वाहिला. 2011 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. नाव देणे हा आभार मानण्याचा रूढ मार्ग, आणि येथे तो शोभलाही. कारण नावामागे काम चालू राहिले. काम थांबले असते तर तेच नाव कोनशिलेवरचे ठरले असते.

आता आमच्या जिल्ह्याकडे परत येतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी ह्या गावी सातपुड्यातली राजवाडी होळी भरते. गावोगावचे आदिवासी आपापले ढोल घेऊन, डोंगर उतरून येतात. कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले नवसकरी रात्रभर नाचतात, ढोल रात्रभर वाजतात आणि पहाटे होळी पेटते. वाजवणाऱ्यांचा एवढा मोठा मेळा आमच्या परिसरात दुसरा नसेल. आम्ही मंडळी दिवाणखान्यात बसून 'नंदुरबारला संगीताचे वातावरण नाही' अशी खंत करतो तेव्हा हे ढोल आमच्या कानांआड होतात, हीसुद्धा त्या वहीतली एक उणे बाजू.

काठीच्या होळीला मानपत्र लागत नाही; कारण निवृत्त व्हायला तेथे कोणी एक संस्थापक नाही. ही तुलना तंतोतंत नाही हे आम्ही जाणतो. तेथे नवस आहे, व्रताचे कडक नियम आहेत, काठी संस्थानाची परंपरा आहे. आमच्या मासिक बैठकीला असला कोणताच आधार नाही. हौशी उपक्रमाला आरंभी एका वेड्या माणसाची गरज असतेच. तरीही काठीकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे प्रत्येक गाव आपला ढोल आपण आणते. आमच्या बैठकीचे सारे ढोल एकाच घरात राहिले, एकाच माणसाने पुसले, वाहिले आणि परत ठेवले. त्याने तक्रार केली नाही, म्हणून आम्हांला तो भार दिसला नाही.

अखेर ते मानपत्र आम्ही लिहिले. 'महर्षी' गाळले, 'पोरके' गाळले. फलाटावर उभे राहणे, तबला उतरवणे, वही राखणे, न आलेल्याची चौकशी करणे, अशी कामांची साधी यादी केली. 'हे तर कामांचे टिपण झाले, मानपत्र नव्हे' असे समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मग प्रत्येक कामापुढे ते आता कोण करणार त्याचे नाव लिहिले. वहीपुढे एका शिक्षिकेचे नाव आले, तंबोऱ्यापुढे क्लॅरिओनेटवाल्यांचे, स्थानकापुढे आमच्यातल्या दोघांचे. चौकशीच्या कामापुढची जागा मात्र बराच वेळ रिकामी राहिली. ते काम वाटून घेता येईना. शेवटी ते सर्वांचे असे ठरले, आणि सर्वांचे काम कोणाचेच नसते हा अनुभव असल्यामुळे त्याची धास्ती अजून आहे.

सत्काराच्या दिवशी तो मजकूर वाचून दाखवला. सत्कारमूर्तींनी शाल बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि यादी स्वतः पुन्हा एकदा वाचली. मग एवढेच विचारले, 'जवारीला तंबोरा पाठवताना खोक्यात कापूस घालतो, ते लिहिले का?' लिहिलेले नव्हते. आम्ही तेथेच लिहून घेतले.