रक्तातले सोडियम आणि अंगातले मीठ

हृदय कमकुवत झालेला रुग्ण पायांवर सूज घेऊन येतो. रिपोर्टमध्ये सोडियम 126 दिसते, आणि घरच्यांना सल्ला मिळतो, ‘जेवणात मीठ थोडे वाढवा.’ आपल्या दवाखान्यांतून हे आजही घडते. ते थांबायला हवे.

रक्तातले सोडियम पाण्याच्या तुलनेत मीठ किती, एवढेच सांगते. अंगात एकूण किती साठले आहे ते सांगत नाही. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि व्हॅसोप्रेसिनमुळे पाणी त्याहूनही अधिक साठते. आकडा उतरतो, पण त्या सुजलेल्या शरीरातले एकूण मीठ निरोगी माणसापेक्षा जास्तच असते. साठलेल्या दर लिटर पाण्यात साधारण 8 ग्रॅम मीठ अडकलेले असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षाही कमी मीठ खायला सांगते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सल्ल्यातला धोका कळतो. (थायझाइडवर असलेले, सूज नसलेले अशक्त वृद्ध किंवा जुलाब-उलट्यांचे रुग्ण यांचा विचार अर्थातच वेगळा करावा लागतो.)

हा साठा समजतो वजनकाट्यावर. घोट्यावर बोटाचा खड्डा पडेपर्यंत दोन-तीन लिटर पाणी साठून गेलेले असते. काटा त्याआधीच हलतो. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्याही आधी, एकाच काट्यावर वजन करायला रुग्णाला शिकवा. तीन दिवसांत 2 किलोहून अधिक वाढले तर त्याने थांबू नये, लगेच कळवावे. फुप्फुसाच्या रोहिणीत बसवायच्या सेन्सरने रुग्णालयातल्या भरती कमी होतात, हे 2011 च्या ‘चॅम्पियन’ चाचणीने दाखवले. पण तो आपल्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे.

भरती झालेल्या रुग्णासाठी मात्र एक स्वस्त तपासणी हाताशी असूनही आपण ती क्वचितच मागवतो. फ्युरोसेमाइड शिरेतून दिल्यावर दोन तासांनी लघवीतले सोडियम पाहा. ते 50 ते 70 मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटरच्या खाली असेल, तर डोस पुरलेला नाही, तो दुप्पट करा, असे युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दुसऱ्या दिवशीच्या राउंडपर्यंत वाट पाहण्यात रुग्णाची एक रात्र धाप लागण्यात जाते.

अगदी अळणी जेवणाची सक्तीही नको. 2022 च्या ‘सोडियम-एचएफ’ चाचणीत 806 रुग्ण होते; दिवसाला 1500 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियमच्या आहाराने त्यांचे मृत्यू वा भरती लक्षणीय कमी झाल्या नाहीत. लोणचे-पापड आवरायला सांगाच, पण आपण लिहिलेली औषधेही तपासा. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामोलच्या एकाच गोळीत सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम असते.

केसपेपरवर रक्तदाबाशेजारी वजन लिहा. सूज उतरल्यानंतरचे वजन ठळक नोंदवून रुग्णाच्या हाती द्या; तो रात्री-अपरात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, तर त्यांना सर्वांत आधी तोच आकडा लागेल.