शेगावच्या ऐंशी जागा

तीनचार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका शहरी, एका स्नेह्यांच्या भरल्या घरात, दुसरी उत्तीर्ण झालेल्या नातवाविषयी मसलत चालली होती. आजोबा निवृत्त शिक्षक. शेगावच्या जवाहर नवोदय विद्यालयात नातू जावा, ही त्यांची मनीषा. काका व्यवहारी. ते म्हणाले, "शहरातून अर्ज केला तर याचा निभाव लागणे कठीण. तिसरीपासून याचे नाव आपल्या मूळ गावच्या शाळेत घालू. शिकेल येथेच, कागदावर राहील तेथे." युक्ती सर्वांस पटत आली होती. इतक्यात सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मामंजी, तेथे रोज याच्या नावापुढे हजेरीची खूण होईल, ती कशाची म्हणून याला सांगायचे?" मसलत तेथेच थांबली.

हा प्रश्न त्या एकाच घरचा नाही. म्हणून आज तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालयांची योजना देशभर नेली. त्याआधी 1985-86 मध्ये प्रयोगादाखल जी दोन विद्यालये निघाली, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे आपल्या वऱ्हाडात अमरावतीस होते. बुद्धिमान मुलास, विशेषतः खेड्यातील मुलास, आईबापांची ऐपत न पाहता उत्तम निवासी शिक्षण मिळावे, हा या योजनेचा हेतू. प्रवेश सहावीत, जागा फार तर 80. परीक्षा दोन तासांची व 100 गुणांची. निम्मे गुण बुद्धिकसोटीस. उरलेले अंकगणित व भाषा यांस सारखे वाटलेले. आणि ही परीक्षा मुलास एकदाच देता येते.

आता जागांचा हिशेब. निदान 75 टक्के, म्हणजे 80 पैकी 60 जागा ग्रामीण मुलांच्या. एकतृतीयांश जागा मुलींच्या. अनुसूचित जाती व जमाती यांच्या राखीव जागा पूर्वीपासून आहेत. 2021-22 च्या प्रवेशापासून इतर मागासवर्गीयांसाठी 27 टक्के जागांची त्यांत भर पडली. ग्रामीण कोणास म्हणावे, याचा नियमही कडक आहे. तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे मूल खेड्यातील शाळेत शिकलेले पाहिजे. त्या काळात एक दिवस जरी ते शहरातील शाळेत गेले, तरी शहरीच गणले जाते. काकांची युक्ती निघाली ती या नियमातूनच.

नवा नियम झाला तेव्हा आमच्यासारख्या घरांतून एकच उद्गार ऐकू आला : "आता आपल्या मुलांना उरले काय?" त्या उद्गारामागील काळजी आम्ही खोटी मानीत नाही. खामगावच्या एखाद्या शिपायाचा हुशार मुलगा शहरी ठरतो आणि अवघ्या वीस खुल्या जागांकडे पाहत बसतो. त्या वीसांतही खेड्यातील मुलांस मज्जाव नाही. त्याचे दुःख खरे आहे. परंतु हिशेब मांडायचा तर पुरता मांडावा. 2011 च्या शिरगणतीत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 25 लक्ष 86 हजार भरली. तींत शंभरांपैकी 79 माणसे खेड्यांत राहणारी. तेव्हा शंभरांत 75 जागा म्हणजे खेड्यांस दिलेले दान नव्हे. त्यांच्या संख्येच्या मानाने तो वाटा किंचित उणाच आहे. शिवाय ग्रामीण जागेचा नियम मुलाची शाळा पाहतो, जात पाहत नाही. सिंदखेडराजाकडील खेड्यात राहणाऱ्या भिक्षुकाचा मुलगाही त्या साठांत बसू शकतो.

असा कलह आपल्याकडेच होतो असेही नाही. न्यूयॉर्क शहराने डिसेंबर 2020 मध्ये, महामारीच्या धामधुमीत, तेथील मधल्या इयत्तांच्या निवडक शाळांतील गुणांची चाळणी एक वर्षापुरती बंद केली, तेव्हा तेथेही मोठा वाद माजला. कोणी म्हणाले गुणवत्ता बुडाली, कोणी म्हणाले दार उघडले. आम्हांस वाटते, अशा शाळेचा प्रवेशनियम केवळ मुले निवडीत नाही. शाळा कोणासाठी आहे हेही तो सांगतो. शेगावचे विद्यालय मुख्यतः ज्यांच्या गावी चांगली शाळा नाही त्यांच्यासाठी आहे. त्यात खोट्या हजेरीने शिरणे म्हणजे कोणा अनोळखी मुलाच्या पानावरचा घास उचलणे होय. आणि ही चोरी आपण दहा वर्षांच्या पोराच्या हातून करवितो, हे त्याहून वाईट.

दुसरीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपल्या जिल्ह्यात तालुके तेरा. ऐंशी जागा त्यांत वाटल्या तर तालुक्यास जेमतेम सहा येतात. म्हणजे नियम कसाही असो, जिल्ह्यातील बहुतेक बुद्धिमान मुले नवोदयाबाहेरच राहणार. त्यांचे भवितव्य परीक्षेच्या त्या दोन तासांवर नव्हे, तर गावच्या शाळेवर आणि घरच्या संध्याकाळवर अवलंबून आहे. राखीव जागा दार उघडते. परंतु ज्या मजुराच्या लेकीस अपूर्णांक कोणी समजावून दिले नाहीत, ती त्या दारापर्यंत पोहोचणार कशी? आमच्या घरांजवळ देण्यासारखे जे आहे, ते नेमके येथे कामास येते.

त्या स्नेह्यांच्या घरी पुढे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करतो. मुलाचे नाव शहरातील शाळेतच राहिले. पाचवीत त्याने शहरी म्हणूनच परीक्षा दिली; निवड झाली नाही. दोन दिवस पोर हिरमुसले होते, आजोबा आठ दिवस. आता ते पोर गावातल्याच शाळेत सहावीत आहे. जवळच्या खेड्यातून दूध घालावयास येणाऱ्या गवळ्याची मुलगी तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे. दर रविवारी ती बापाबरोबर येते आणि ओसरीवर आजोबा तिचे अंकगणित घेतात. उदाहरण अडले की नातू पाटी ओढून घेतो आणि दोघे भांडत भांडत ते सोडवितात. नवोदयाचा तिचा अर्ज आजोबांनी स्वतः भरून दिला. ग्रामीण की शहरी, या रकान्यापाशी त्यांचा हात क्षणभर थबकला, असे सूनबाई सांगतात. मग त्यांनी तेथे जे खरे तेच लिहिले.