बंद पडलेला माग



भिवंडीत वाढलेल्या माणसाला शांततेची सवय नसते. यंत्रमागाची खडखड आपल्या झोपेत, अभ्यासात, लग्नाच्या बोलणीतही असते. पण कारखान्यात कधी नीट पाहिलंत तर एक गोष्ट लक्षात येईल. सहा-सहा माग एकटा सांभाळणारा कारागीर पाठमोरा उभा असतो, मागे कुठे तरी बाण्याचा धागा तुटून एक माग थांबतो, आणि तो लगेच वळतो. एवढ्या गोंगाटात एका मागाचं गप्प होणं त्याला ऐकू येतं.

घरात मात्र आमचा कान असा तयार नाही. हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो आहे.

आमच्या इमारतीतला एक मुलगा दर दिवाळीला कंदील करायचा. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, खळ, आणि जिन्यात पसारा. गेल्या वर्षी तो दहावीत होता. कंदील बाजारातून आला. ‘मोठा झाला आता,’ सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मग तो क्लास बुडवू लागला. ‘शिंगं फुटली.’ आईवर खेकसू लागला. ‘वयच तसं आहे.’ रात्रभर जागा, दुपारपर्यंत अंथरुणात. ‘मोबाईल काढून घ्या.’ सारखं पोट दुखायचं, तेव्हा ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल आला आणि ‘नाटकं करतो’ हेही म्हणून झालं. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक तयार शब्द होता. त्या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवून कोणी पाहिल्या नाहीत.

किशोरवयातलं नैराश्य बऱ्याचदा असंच येतं, आणि म्हणून ते चुकतं. मोठ्या माणसाचं नैराश्य म्हटलं की रडवेला, खचलेला चेहरा डोळ्यांपुढे येतो. तेरा ते एकोणीसच्या वयात दुःखाच्या जागी चिडचिड असू शकते, रडण्याच्या जागी डोकेदुखी. मुलं ‘मी निराश आहे’ म्हणत नाहीत. ‘बोअर होतंय’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘मला एकटं सोडा’ असं म्हणतात. एखाद्या दिवशी हे कोण म्हणत नाही? पण दोन आठवडे उलटले, जवळजवळ रोज तेच, आणि जे आवडायचं तेही सुटलं, तर ते वय नव्हे. क्रिकेट, मैत्रिणी, गाणी, कंदील. मुलाने काय सोडलं ते पाहा. झोप आणि भूक बदलली का, पाहा. ‘माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास’ असं काही बोललं गेलं का, आठवून पाहा. आवडत्या वस्तू वाटून टाकणं किंवा निरोपासारखं बोलणं दिसलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत गाठा.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. वयात आल्यानंतर नैराश्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या साधारण दुप्पट आढळतं. आणि आपल्याकडे गप्प बसणाऱ्या मुलीचं कौतुक होतं. ती मैत्रिणींकडे जात नाही, हट्ट करत नाही, भांडी घासून कोपऱ्यात बसते, की आपण म्हणतो, किती शहाणी झाली! भाकरी, धुणं, धाकटी भावंडं हे सगळं ती उरकते, म्हणून आतलं कोणाला दिसत नाही. मला या मुलींची जास्त काळजी वाटते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६मध्ये तेरा ते सतरा वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक विकार नोंदवला. साठ मुलांच्या वर्गात हे चार जण होतात. आपल्या शाळांतले वर्ग डोळ्यांसमोर आणा.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. ‘ठाण्याला पाठवायला पाहिजे याला,’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलं. तिथल्या १९०१ सालच्या मनोरुग्णालयाची भीती तीन-चार पिढ्यांच्या हाडांत मुरली आहे. त्याच ठाण्यात १९९०पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्याचं काम करते आहे, तरी शब्दाची दहशत गेली नाही. ‘कासव’ या चित्रपटाला २०१७मध्ये सुवर्णकमळ मिळालं, नैराश्याने वेढलेल्या तरुणाची ती गोष्ट आपण वाखाणली, पण शेजारच्या घरातला मुलगा मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो हे कळलं की आवाज खाली जातो.

त्या कंदीलवाल्या मुलाला अखेर विचारलं ते त्याच्या मोठ्या बहिणीने. आईवडील झोपल्यावर, गॅलरीत. ‘तुला जगावंसं वाटतं ना रे?’ तो खूप वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘नेहमी नाही, ताई.’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. विचारल्याने मुलाला बोलायला जागा मिळते. ताईने त्या रात्री उपदेश केला नाही, देवाची शपथ घातली नाही. ती सकाळपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. समुपदेशन सुरू झालं, गोळ्याही. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, आपल्या मनाने त्या बंद करायच्या नसतात. त्याच्या वडिलांना हे पटायला वेळ लागला.

कोणाकडे जावं हे सुचत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२पासून आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. आणि पुढच्या पालकसभेत गुणांआधी एक प्रश्न विचारा: शाळेत समुपदेशक आहे का? शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत तो हवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितलं आहे.

या दिवाळी अंकात नेहमीप्रमाणे कथा आहेत, कविता आहेत, भविष्यही आहे. फराळाच्या ताटाशी तो वाचाल तेव्हा घरातलं कोणी आतल्या खोलीत असेल तर हाक मारू नका. उठून आत जा, शेजारी बसा. लगेच काही विचारलं नाही तरी चालेल.

त्या मुलाची गॅलरी माझ्या खिडकीतून दिसते. यंदा अजून कंदील लागलेला नाही. रात्री दहाच्या सुमाराला मात्र तो आणि ताई तिथे बसलेले असतात.

— संपादक